दामोदरच्या टेबलावर बाबासाहेब होते. भिवंडीच्या टेबलावर कोण आहे?

पर्यावरण हा पोट भरलेल्यांचा विषय आहे, असे आपल्या चळवळीत आजही सर्रास बोलले जाते. झाडे, वाघ, हवामान बदल, परदेशी निधी आणि मोठ्या हॉटेलांतल्या परिषदा. आपल्याला अत्याचार, आरक्षण, शिष्यवृत्ती, घर यांतून वेळ कुठे? शेलारमध्ये आम्ही तरुणांशी करिअरबद्दल बोलतो तेव्हा एमपीएससी, पोलीस भरती, बँक, वकिली, फार तर आयटी, इथपर्यंत गाडी येते. जागतिक बँक, जपानची जायका, आशियाई विकास बँक किंवा संयुक्त राष्ट्रे यांच्या पर्यावरण आणि शाश्वत विकास प्रकल्पांचे व्यवस्थापन करणे हाही एक पेशा आहे, त्यात पगार आहे आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे निर्णयाचा अधिकार आहे, असे सांगितले की पोरे हसतात. ते आपले काम नाही म्हणतात.

आमचे म्हणणे नेमके उलटे आहे. परदेशी तज्ज्ञ, दोन-तीन सरकारे, एक अख्खे नदीखोरे आणि त्यात राहणारी लाखो माणसे यांना एका योजनेत बांधण्याचे काम भारतात ज्या खात्यातून उभे राहिले, त्या खात्याच्या खुर्चीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर बसले होते. हा इतिहास आपल्याला पाठ असायला हवा होता. तो नाही, कारण जयंतीच्या भाषणात महाड येते, पुणे करार येतो, संविधान येते, धम्मदीक्षा येते. १९४२ ते १९४६ ही चार वर्षे मात्र ‘मजूरमंत्री होते’ एवढ्या एका वाक्यात उरकली जातात. आठ तासांचा कामाचा दिवस सांगितला की वक्ता पुढच्या मुद्द्याकडे वळतो.

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. नावावरून वाटते तेवढे हे खाते लहान नव्हते. त्या काळी केंद्रातले पाटबंधारे, वीज, सार्वजनिक बांधकाम आणि खाणी हे विषय याच खात्याकडे होते. महायुद्ध चालू होते आणि युद्धानंतर देशाची पुनर्रचना कशी करायची याच्या समित्या बसल्या होत्या. सार्वजनिक बांधकाम आणि वीज यांच्या धोरण समितीचे अध्यक्षपद बाबासाहेबांकडे आले. ऑक्टोबर १९४३ च्या बैठकीत त्यांनी मांडलेला मुद्दा साधा होता: वीज स्वस्त आणि मुबलक नसेल तर कारखानदारी वाढणार नाही, आणि कारखानदारी वाढली नाही तर शेतीवर लटकलेल्या माणसांची दारिद्र्यातून सुटका नाही. १९१८ साली लिहिलेल्या लहान शेतजमिनींवरच्या निबंधातही त्यांनी हाच धागा धरला होता. शेतीचे दुखणे शेतीबाहेर बरे होईल, हा तो धागा.

त्याच १९४३ च्या जुलैमध्ये दामोदर नदीला पूर आला. बर्दवानजवळ बांध फुटला, गावे बुडाली, ग्रँड ट्रंक रोड आणि रेल्वेमार्ग तुटला. एकीकडे बंगालचा दुष्काळ, दुसरीकडे ब्रह्मदेशच्या आघाडीवर युद्ध, आणि मधोमध कलकत्त्याची रसद अडकलेली. ब्रिटिश सरकार हलले ते लोकांच्या दुःखामुळे की रेल्वेमुळे, हे वाचकांनी ठरवावे. बंगाल सरकारने बर्दवानच्या महाराजांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. तिच्यात शास्त्रज्ञ मेघनाद साहा होते. कलकत्त्याच्या हिंदू हॉस्टेलात विद्यार्थी असताना जातीमुळे ज्यांना पंगतीत वेगळे बसावे लागले, तेच हे साहा. अमेरिकेतल्या टेनेसी खोऱ्यासारखे एकच प्राधिकरण दामोदरसाठी हवे, हा विचार साहा हिरिरीने मांडत होते आणि समितीची शिफारसही त्याच दिशेची होती. हे श्रेय साहांना द्यायलाच हवे. आपल्या माणसाचे मोठेपण सांगताना दुसऱ्याचा वाटा गिळायचा, ही सवय आपण ज्यांच्यावर टीका करतो त्यांची आहे.

शिफारस कागदावर असते. ती उभी करायला खाते लागते. इथून पुढचे काम बाबासाहेबांच्या खात्याने केले. केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ १९४४ मध्ये आले, केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे आणि नौकानयन आयोग १९४५ मध्ये. आजचा केंद्रीय जल आयोग हा त्याचाच वारस. त्याचे पहिले अध्यक्ष अभियंता ए. एन. खोसला. टेनेसी व्हॅली ऑथॉरिटीतले अनुभवी अभियंते डब्ल्यू. एल. व्हुर्डुइन यांना भारतात आणले गेले आणि त्यांनी ऑगस्ट १९४४ मध्ये दामोदर खोऱ्याच्या एकात्मिक विकासाचे टिपण सादर केले. आठ धरणे, पूरनियंत्रण, सिंचन, वीज, जलवाहतूक, सगळे एका आराखड्यात. बाबासाहेबांनी इंग्रज तज्ज्ञापेक्षा अमेरिकन तज्ज्ञ पसंत केला, कारण इंग्लंडमध्ये एवढ्या मोठ्या नद्याच नाहीत, असे सांगितले जाते. ते बाजूला ठेवले तरी एक गोष्ट उरते: परदेशी तज्ज्ञ कोणत्या कामासाठी आणायचा हे इथल्या खात्याने ठरवले होते. आज कित्येक प्रकल्पांत सल्लागार कंपनी आधी येते आणि गरज नंतर शोधली जाते.

खरी अडचण अभियांत्रिकीची नव्हती. पूर बंगालला झोडपत होता, पण धरणांच्या जागा बिहारमध्ये होत्या. म्हणजे जमीन बुडणार बिहारची, वाचणार बंगाल. खर्च कोणी करायचा? वीज कोणाची? १९३५ च्या कायद्याप्रमाणे पाटबंधारे हा प्रांतांचा विषय, त्यामुळे केंद्राला हुकूम सोडता येत नव्हता. बोलावायचे, बसवायचे, आकडे पुढे ठेवायचे आणि पटवायचे, एवढेच हातात होते. ३ जानेवारी १९४५ रोजी कलकत्त्यात बंगाल आणि बिहार सरकारांची पहिली परिषद बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली भरली, ऑगस्टमध्ये पुन्हा. आजच्या भाषेत याला ‘स्टेकहोल्डर कन्सल्टेशन’ म्हणतात आणि त्यासाठी वेगळे तज्ज्ञ नेमतात.

त्या परिषदांतली बाबासाहेबांची भाषणे आज छापील उपलब्ध आहेत. ती वाचताना आम्हांला एक जागा फार महत्त्वाची वाटते. प्रकल्पाचा फायदा अगदी तळापर्यंत पोहोचला पाहिजे, खोऱ्यात राहणाऱ्या प्रत्येकाला आणि शेजारच्या लोकांनाही त्या समृद्धीत वाटा मिळाला पाहिजे, असे ते म्हणतात. आणि एवढ्यावर थांबत नाहीत. त्यासाठी एक यंत्रणा हवी, आणि ती लवकर उभी करायला हवी, असा त्यांचा आग्रह आहे. सद्भावनेवर त्यांचा विश्वास नव्हता. ज्या माणसाने गावगाड्याचे ‘प्रेम’ अनुभवले आहे, तो यंत्रणेशिवाय वाटपाची हमी कशी मानेल? विहीर गावाची आहे म्हणजे पाणी सगळ्यांचे आहे, हे त्यांनी कधीच मान्य केले नव्हते.

नोव्हेंबर १९४५ मध्ये कटकला ओरिसाच्या नद्यांवर परिषद झाली. तिथे त्यांनी आधीच्या पूर समित्यांची विचारपद्धतीच उलटवली. त्या समित्या जादा पाणी म्हणजे संकट मानत आणि ते लवकरात लवकर समुद्राला कसे मिळेल ते पाहत. बाबासाहेबांचे म्हणणे होते की माणूस पाण्याच्या अतिरेकापेक्षा पाण्याच्या अभावाने जास्त सोसतो. पाणी ही लोकांची संपत्ती आहे, ती साठवा आणि वाटा. महाडला १९२७ मध्ये प्रश्न होता पाण्याला हात लावण्याच्या हक्काचा. अठरा वर्षांनी तोच माणूस अख्ख्या खोऱ्याच्या पाण्याचे नियोजन कोणी आणि कोणासाठी करायचे, या प्रश्नावर सरकारांना एकत्र बसवत होता. आम्हांला हे दोन वेगळे बाबासाहेब वाटत नाहीत.

आता थोडे अमेरिकेबद्दल, कारण परदेशी नमुना म्हटला की आपल्याकडे लगेच भक्तिभाव जागा होतो. टेनेसी व्हॅली ऑथॉरिटी १९३३ ची, रूझवेल्टच्या काळातली. सात राज्यांत पसरलेले खोरे, एकच प्राधिकरण, वीज, पूरनियंत्रण, मातीची धूप थांबवणे. जगभर तिचे गोडवे गायले गेले. पण याच प्राधिकरणाने धरण कामगारांसाठी नॉरिस नावाचे आदर्श गाव वसवले, आणि त्या गावात काळ्या कुटुंबांना घर मिळत नव्हते. काळ्या लोकांच्या एनएएसीपी या संघटनेने तिथे जाऊन तपास केला आणि १९३४ मध्येच ‘द क्रायसिस’ या आपल्या मासिकात या ‘गोऱ्यांच्या पुनर्रचने’वर झोड उठवली. वीज सगळ्यांसाठी, वस्ती मात्र गोऱ्यांसाठी! गावकुसाबाहेरचा माणूस हे वाचून चकित होणार नाही. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिले, ते संयुक्त राष्ट्रांकडे काळ्या लोकांनी करायच्या अर्जाबद्दल. विकासाचा नमुना अमेरिकेकडून घ्यावा आणि विकासातल्या अन्यायाविरुद्ध दाद कशी मागायची हेही अमेरिकेतल्याच काळ्या लोकांकडून जाणून घ्यावे, दोन्ही कामे एकाच काळात चालली होती.

१९४६ च्या मध्यावर कार्यकारी मंडळ बदलले आणि बाबासाहेब त्या खात्यातून बाहेर पडले. दामोदर व्हॅली कॉर्पोरेशनचा कायदा १९४८ मध्ये झाला. विधेयक मांडले काकासाहेब गाडगीळांनी, तेव्हा बाबासाहेब त्याच मंत्रिमंडळात कायदामंत्री होते. ७ जुलै १९४८ रोजी कॉर्पोरेशन अस्तित्वात आले. एप्रिल १९५० मध्ये जागतिक बँकेने त्याच्या बोकारो-कोनार प्रकल्पाला १ कोटी ८५ लाख डॉलरचे कर्ज दिले; या बँकेने भारताला दिलेल्या अगदी पहिल्या कर्जांपैकी हे एक. आंतरराष्ट्रीय प्रकल्प व्यवस्थापन म्हणून आज जो पेशा ओळखला जातो त्याची भारतातली वंशावळ काढायची तर ती इथून काढावी लागेल.

आणि नंतर काय झाले? हेही सांगायला हवे, नाहीतर आपण इतिहास नाही, आरती लिहितो. आठपैकी चारच धरणे कॉर्पोरेशनने बांधली: तिलैया, कोनार, मैथन, पंचेत. पैसा आणि जमीन यांवरून राज्यांची ओढाताण सुरू राहिली, पूरनियंत्रणाचा आवाका घटला, वीज मात्र कोळशावरची वाढत गेली. ९० हजारांहून अधिक माणसे विस्थापित झाली आणि त्यांत संथाळ आदिवासींचा वाटा मोठा होता. ६ डिसेंबर १९५९ रोजी पंचेत धरणाच्या उद्घाटनाला बुधनी मेझान या संथाळ तरुण मजूर मुलीच्या हातून बटण दाबले गेले. त्या समारंभात तिने नेहरूंना हार घातला, म्हणजे लग्नच झाले, असे ठरवून तिच्या समाजाने तिला बाहेर काढले. पुढे कॉर्पोरेशनने तिला कामावरूनही कमी केले. ती परत कामावर आली ती १९८० च्या दशकात, राजीव गांधींच्या काळात. तो दिवस बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाचा होता. फोटोत आदिवासी मुलगी आहे. कॉर्पोरेशनच्या संचालकांत तिच्यासारखे कोणी होते का?

इथे आपले काही मित्र म्हणतात की मोठी धरणे हीच चूक होती, त्यामुळे बाबासाहेबांची ही बाजू फार पुढे करू नका. आम्हांला हे पटत नाही. १९४५ मध्ये दुष्काळ आणि पूर यांच्या मधे सापडलेल्या बंगाल-बिहारच्या शेतमजुराला वीज आणि पाणी हवेच होते. प्रश्न धरण हवे की नको एवढाच नव्हता. बाबासाहेबांनी मागितलेली, तळापर्यंत फायदा नेणारी यंत्रणा कोणाच्या हाती गेली, हा प्रश्न होता. आखणीत ती होती. अंमलात ती कंत्राटदार, सवर्ण अभियंते आणि राज्यांच्या राजकारणाने गिळली. म्हणूनच व्यवस्थापन हा शब्द आम्ही इतक्या वेळा वापरतो आहोत.

विस्थापितांचा आवाज आंतरराष्ट्रीय बँकांच्या दप्तरात शिरायला पुढे चार दशके लागली. सरदार सरोवराच्या लढ्यामुळे जागतिक बँकेला ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमावी लागली. तिने १९९२ मध्ये अहवाल दिला, मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उरलेले कर्ज सोडून दिले, आणि त्याच वर्षी बँकेत ‘इन्स्पेक्शन पॅनेल’ जन्माला आले. प्रकल्पबाधित माणूस थेट बँकेकडे तक्रार करू शकतो, ही सोय नंदुरबार-बडवानीच्या आदिवासींनी जगाला मिळवून दिली आहे. ती वॉशिंग्टनला कोणाला सुचली नव्हती.

या सोयीचा मुंबईत काय उपयोग झाला तेही पाहा. जागतिक बँकेच्या कर्जावर २००२ पासून मुंबई नागरी वाहतूक प्रकल्प चालू झाला. रेल्वे आणि रस्त्यांसाठी एक लाखाहून अधिक माणसे हलवायची होती. सांताक्रूझ-चेंबूर आणि जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यांच्या वाटेत आलेल्या रहिवाशांनी आणि दुकानदारांनी २००४ मध्ये इन्स्पेक्शन पॅनेलकडे तक्रारी केल्या. पॅनेलने तपासणी करून पुनर्वसनातल्या त्रुटी दाखवल्या आणि मार्च २००६ मध्ये बँकेने रस्ते आणि पुनर्वसनाच्या भागाचा पैसा काही महिने रोखला. मोर्चे आपण हजार काढले आहेत आणि पुढेही काढू. पण बँकेचे स्वतःचे धोरण काय म्हणते, त्यातला कोणता परिच्छेद मोडला आहे, हे दाखवणाऱ्या तक्रारीने पैसा थांबतो, हे कुर्ल्याच्या दुकानदाराला कळले आणि आपल्या कार्यकर्त्यांपर्यंत पोहोचले नाही.

आता आपल्या तालुक्याकडे या. मुंबईचे पाणी भिवंडी तालुक्यातून जाते, ते काल-परवापासून नाही. १८९२ च्या तानसा धरणापासून. भातसाचे पाणी पिसे इथे उचलून पांजरापूरला शुद्ध होते, आणि त्या भातसा योजनेला १९७३ पासून जागतिक बँकेच्या संस्थेचे कर्ज होते. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वी आंतरराष्ट्रीय पाणीप्रकल्प आपल्या दारात आला होता. जलवाहिन्यांच्या बाजूच्या पाड्यांवर उन्हाळ्यात डोक्यावर हंडे असतात. दुसरा प्रकल्प आज चालू आहे. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन आपल्या तालुक्यातून जाते, अंजूर-भरोडीला तिचा डेपो आहे. १ लाख ८ हजार कोटींच्या मूळ अंदाजापैकी ८१ टक्के रक्कम जायकाचे कर्ज. गंमत पाहा: २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेत रेल्वे प्रकल्पाला पर्यावरण मंजुरीच लागत नाही. तरीही पर्यावरण आणि सामाजिक परिणामांचे अहवाल झाले, बाधितांशी सल्लामसलत झाली, कारण जायकाची मार्गदर्शक तत्त्वे ते मागतात. २०१८ मध्ये गुजरातच्या शेतकऱ्यांनी याच तत्त्वांवर बोट ठेवून जायकाला पत्र लिहिले. आपल्याकडे भूमिहीन शेतमजूर, दुसऱ्याच्या शेतात वीट पाडणारे, गावठाणाच्या टोकाला सात-बाराशिवाय राहणारे, यांना ‘बाधित’ म्हणून कोणी मोजले का, हे त्या अहवालांत शोधणारे किती जण होते? सात-बारा ज्याच्या नावावर, मोबदला त्याला. आपल्या माणसाचे नाव सात-बाऱ्यावर का नाही, याचे उत्तर खोती आणि वतनांच्या इतिहासात आहे.

आणि शेलारच्या कडेने वाहणारी कामवारी? डाईंग, सायझिंग आणि शहराचे सांडपाणी घेऊन ती खाडीला जाते. पोरांना तिच्यात नदी दिसत नाही, नाला दिसतो. तिच्यासाठी उद्या नदी पुनरुज्जीवनाचा मोठा निधी आला तर आराखडा कोण लिहील? लूमवर बारा तास उभा राहणारा आणि गोडाऊनमध्ये पोती उचलणारा त्यात ‘लाभार्थी’ असेल, ‘अतिक्रमणधारक’ असेल, की आराखडा तपासणारा अधिकारी असेल?

या क्षेत्रात नेमके काय काम असते ते थोडक्यात सांगतो. प्रत्येक मोठ्या कर्जाच्या प्रकल्पात पर्यावरण तज्ज्ञ, सामाजिक सुरक्षा अधिकारी, पुनर्वसन अधिकारी, देखरेख आणि मूल्यमापन करणारे, खरेदी-निविदा पाहणारे लोक लागतात. स्थापत्य किंवा पर्यावरण अभियांत्रिकी, समाजकार्य, अर्थशास्त्र, कायदा, भूगोल, यांपैकी कुठल्याही वाटेने आत जाता येते. सुरुवात बहुधा एखाद्या सल्लागार कंपनीत किंवा सरकारी प्रकल्प कक्षात सर्वेक्षणापासून होते. घरोघर जाऊन कोण बाधित आहे ते लिहिणे, हे काम पहिल्या दिवशी मिळते. आणि कोणाचे नाव यादीत चढते आणि कोणाचे गळते, हेही तिथेच ठरते. इंग्रजी लागते, अहवाल लिहिण्याची शिस्त लागते. वस्ती वाचण्याची नजर लागते, ती आपल्या पोरांकडे आधीच आहे.

परदेशी शिक्षणासाठी महाराष्ट्र सरकारची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे, दरवर्षी ७५ जागा. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप आहे, तिच्या १२५ जागांपैकी ११५ अनुसूचित जातींसाठी. २०२२ मध्ये केंद्राने या शिष्यवृत्तीतून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचे सामाजिक अभ्यास हे विषय वगळले. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियात गेलेल्या विद्यार्थ्याने १९१६ मध्ये भारतातल्या जातींवर निबंध वाचला होता. आजच्या नियमात तो बसला नसता. पर्यावरण अभियांत्रिकी, जलव्यवस्थापन, हवामान विज्ञान हे विषय मात्र या यादीत वगळलेले नाहीत. ज्यांची पदवी यंदा पूर्ण होते आहे त्यांनी उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला, गुणपत्रिका, पासपोर्ट आतापासून तयार ठेवावेत, आणि भरोडी डेपोच्या पुनर्वसनाची कागदपत्रे इंग्रजीतून मराठीत आणायला आमच्यासोबत रविवारी बसावे.